गुडघाभर पाणी

३ नोव्हेंबर, रविवार

आज भर उपासनेत आमचे हे उठून गेले. पाळक प्रवचनात सांगत होते की नुसता विश्वास म्हणजे अर्धं तारण, उरलेलं अर्धं पाण्यात आहे, बाप्तिस्मा नाही तर काहीच नाही. आणि हे उठले. आवाज न करता, खुर्चीसुद्धा नीट मागे सरकवून. पण पाहायचं ते सगळ्यांनी पाहिलं. मी रविवारच्या शाळेची मुलं घेऊन पुढच्या रांगेत बसले होते. मागून नजरा टोचत होत्या. घरी येईपर्यंत मी एक शब्द बोलले नाही, आणि मी बोलत नाही म्हणजे काय, ते ह्यांना बरोबर कळतं.

कारण जुनंच. बाजारामागच्या गोदामात काही माणसं जमतात, त्यांचा नाद ह्यांना लागलाय. ते शिकवतात, शास्त्र सगळं आपल्या भल्यासाठी आहे, पण सगळं आपल्याला उद्देशून नाही. कोणत्या काळात कोणाला सांगितलं ते वेगळं काढायचं. पेत्राने पाण्यात उतरायला सांगितलं ते त्या पहिल्या लोकांना. पुढे पौल आला, कृपेचा काळ लागला, आता नुसता विश्वास पुरे. तांदूळ निवडावेत तसं शास्त्र निवडायला बसलेत. मी म्हटलं, उद्या चोरी करू नको हेही आधीच्या काळातलं म्हणून बाजूला काढाल. हे म्हणाले, "तसं नाही गं ते." एवढंच. भांडताही येत नाही ह्या माणसाला धड.

दुपारी मंडळीतले दोन वडीलजन दारात. हे धंद्याने वायरमन. मंडळीचे दिवे, पंखे, माईक, बाप्तिस्म्याच्या हौदाचा हीटर, सगळं हेच बघायचे, एक पैसा न घेता. वडीलजनांनी मागच्या खोलीची किल्ली परत मागितली. ह्यांनी जुडग्यातून काढून दिली आणि म्हणाले, "रखवालदाराला एकदा सगळं दाखवून देतो. त्या हौदाचं जरा..."

"गरज नाही," त्यातले मोठे म्हणाले. "तुम्ही आता आमच्यात नाही."

मला ह्यांचा राग आलेला होताच. पण त्यांचाही आला, आणि हे मी फक्त इथे लिहितेय.

६ नोव्हेंबर, बुधवार

आज घरात जे झालं ते शेजाऱ्यांनीही ऐकलं असणार. मी म्हटलं, तुमचं तुमच्यापाशी ठेवा, पण बाबांच्या कानात काही भरवाल तर याद राखा.

बाबा म्हणजे माझे वडील. आई गेल्यापासून आमच्याकडेच असतात. आयुष्यभर बस चालवली, आयुष्यभर मंडळीच्या देवळाच्या दारापर्यंत आईला सोडलं आणि स्वतः बाहेर बिडी ओढत बसले. बाप्तिस्मा नाही. आता डॉक्टर म्हणतात हृदय थकलंय, कधी काय होईल सांगता येत नाही. आमच्या स्मशानात आई मधल्या ओळीत आहे. बाप्तिस्मा न झालेल्यांना भिंतीकडे जागा देतात. मी लहानपणापासून ती भिंत पाहिलीय. तिकडे कोणी फुलंसुद्धा नेत नाही. जागेचं एक वेळ जाऊ दे, त्याच्यापुढचं काय? आई तिकडे आणि बाबा दुसरीकडे, कायमचे?

हे म्हणाले, "येशूच्या शेजारी वधस्तंभावर होता त्या चोराला कोणी पाण्यात बुडवलं होतं? आजच माझ्याबरोबर सुखलोकात येशील, असं येशूने सांगितलं त्याला."

मी म्हटलं, "तो आधीचा काळ होता. बाप्तिस्म्याची आज्ञा त्याच्यानंतर आली."

"बघ, म्हणजे तूही काळ वेगळे काढतेस."

नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या. बाबा कोपऱ्यातून म्हणाले, "त्या चोराचं बरं होतं. त्याला लेक नव्हती." हे हसले आणि मी भांडं आपटलं. शेवटी ठरलं की ह्या घरात पाण्याचा विषय बंद. दोघांनीही काढायचा नाही. मी कानाला खडा लावला, ह्यांनीही लावला.

१३ नोव्हेंबर, बुधवार

हे गोदामात गेले आणि मी बाबांपाशी बसले. खडा ह्यांच्यासाठी होता, बाबांसाठी नव्हता.

बाबा म्हणाले, "आयुष्यभर मला अंघोळीचा कंटाळा. आता तू मला कपड्यांसकट अंघोळ घालणार, तीही लोकांसमोर."

मी हसले नाही. म्हटलं, "बाबा, भिंतीकडे झोपायचंय का?"

"भिंतीकडे सावली असते." मग माझ्याकडे बघून थांबले. माझे डोळे भरले होते, मला थांबवता येईनात. ते स्वतःच्या हातांकडे बघत म्हणाले, "तुझ्या आईने इतकी वर्षं सांगितलं, पालथ्या घड्यावर पाणी. तू रडून दाखवलंस, झालं काम. कधी उतरायचं ते सांग."

मी त्यांचे पाय धरले. ह्यांना सांगायचं नाही असं आमचं ठरलं. बाबांना ते आवडलं नाही. "जावई चांगला माणूस आहे," म्हणाले. मी म्हटलं, चांगला आहे म्हणूनच भीती. शांतपणे चार वाक्यं बोलेल आणि तुम्ही फिराल.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

पाळकांशी बोलून आले. त्यांना इतका आनंद झाला की चष्मा पुसत राहिले. आमचा हौद व्यासपीठाच्या फळ्यांखाली आहे. एरवी वर पाळकांची खुर्ची असते, बाप्तिस्म्याच्या वेळी फळ्या उचलतात. रखवालदाराने उचलून दाखवल्या. खालून कोंदट वास आला, तळाला थोडं काळं पाणी आणि एक मेलेली पाल. उतरायला पायऱ्या, बाजूला स्टीलचा कठडा, कोपऱ्यात लाकडी चौकटीमागे हीटर.

रखवालदाराने हौद धुवायला नळ सोडला आणि हात झटकला. "करंट चावतोय," म्हणाला. पाळक म्हणाले, माईकसुद्धा रविवारी त्यांच्या ओठाला चावला. "सैतानाला आपलं काम पसंत नाही असं दिसतंय," म्हणून हसले. आम्हीही हसलो.

रात्री जेवताना हे म्हणाले, "तिकडे माईक चावतो म्हणे. चांगला माणूस बोलवा म्हणावं. आणि कोणाला तरी दाखवल्याशिवाय हौदाचा हीटर लावू नका."

मी म्हटलं, "पाण्याचा विषय बंद ठरलाय."

"मी विजेबद्दल बोलतोय."

"तेच ते."

हे ताट उचलून मोरीकडे गेले. मला खरं तर हसू येत होतं. कर्मांनी काही होत नाही असं शिकवणारा माणूस, आणि आपल्या हातावाचून मंडळी बंद पडेल असं समजतो. ह्याला म्हणतात गर्व.

२४ नोव्हेंबर, रविवार

पुढचा रविवार ठरला. वडीलजन म्हणत होते, वर्षातून दोनदा बाप्तिस्मे होतात, पुढच्या वेळी बघू. मी म्हटलं, बाबांच्या हृदयाला तुमचं वेळापत्रक ठाऊक नाही. मोठे वडीलजन म्हणाले, उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हणू देत. तारीख मिळाली.

आता थंडीचं. हौदाचं पाणी गार, बाबांची अशी छाती. रखवालदार म्हणाला, "हीटर पहाटेपासून लावतो. पण ते वायरमनसाहेब कसं करायचे, माणूस उतरायच्या आधी हीटर बंद, मागच्या खोलीतलं मोठं बटण बंद, मग माईकसुद्धा नाही. पाळकसाहेबांना ओरडून बोलावं लागायचं. आणि ते होईपर्यंत पाणी निवायचं."

मला आठवलं. दर वेळी ह्यांचा तो सोहळा असायचा आणि लोक ताटकळत बसायचे. मी म्हटलं, "नका बंद करू. शेवटपर्यंत चालू राहू दे. माझ्या वडिलांना थंडी बाधली तर तुम्ही उत्तर द्याल का?"

त्याने डोकं खाजवलं. "चालेल ना, बाई?"

"घरी गीझर चालू ठेवून अंघोळ करतोच की आपण."

पाळक म्हणाले, बाईंच्या घरातच वायरमन आहे, त्यांना कळतं. त्यावर मी काही बोलले नाही. येताना वाटलं, ह्यांना एकदा विचारावं. पण विचारलं की दिवस कळला, आणि दिवस कळला की बाबांच्या खाटेपाशी बसून ते चोराचं पुन्हा सुरू होणार. नको. एवढी घाई करून मिळवलेलं हातचं जाईल.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

बाबांसाठी पांढरा झगा शिवतेय. ह्यांनी विचारलं काय शिवतेस. मी म्हटलं, रविवारच्या शाळेचा पडदा. खोटं बोलायला इतकं सोपं जाईल असं वाटलं नव्हतं. बाबांनी झगा अंगाला लावून बघितला आणि म्हणाले, "कापड चांगलं आहे. पुन्हाही वापरता येईल." मी म्हटलं असलं अभद्र बोलू नका.

आज त्यांना धाप लागली होती, म्हणून ह्यांनी त्यांना अंघोळ घातली. मी दाराच्या फटीतून बघत होते. आधी पाणी बादलीत काढलं, मग गीझरचं बटण बंद केलं, मग बाहेरचं बंद केलं, मग कोपर बुडवून पाहिलं आणि मग बाबांना आत नेलं. रोज असंच करतात. विजेच्या बिलाची एवढी काळजी, आणि बाबा तोपर्यंत टॉवेल गुंडाळून कुडकुडत उभे. पण नंतर पाठ घासताना हळू आवाजात बाबांशी काहीतरी बोलत होते आणि बाबा हसत होते. तेव्हा मला फार वाईट वाटलं. ह्या माणसापासून मी दिवस लपवतेय. झालं की सांगेन. झाल्यावर काय, रागावतील आणि मग चहा मागतील.

३० नोव्हेंबर, शनिवार

बाबांनी जेवताना मुद्दाम विचारलं, "जावईबापू, तुमच्या गोदामात माझ्यासारख्याचं काय होतं?"

हे माझ्याकडे बघून म्हणाले, "विषय बंद आहे, बाबा."

"मी काढला तर चालतं. मी खडा लावलेला नाही."

हे थोडा वेळ भाकरी मोडत राहिले. "तुम्ही काही करायचं नसतं. जे करायचं ते झालेलं आहे. ते खरं मानायचं, बस."

"आणि हिच्याकडे?"

"आमच्याकडे मानायचं आणि उठायचंही," मी म्हटलं. "नुसतं मानून कोणाला बस मिळालीय का?"

बाबांना हे फार आवडलं. "बरोबर. पण बसमध्ये बसलेल्याला काही करावं लागत नाही. त्याने ड्रायव्हरवर सोडायचं." दोघांनाही अर्धा अर्धा विजय देऊन ते झोपायला गेले. हे उद्या सकाळी गोदामात जाणार. बरं झालं.

झोप येत नाही. कसली तरी धास्ती वाटतेय. आनंदाच्या आदल्या दिवशी असंच होत असेल.

१ डिसेंबर, रविवार, सकाळी

हे गेले. रखवालदाराचा निरोप आलाय, पाणी छान कढत झालंय. बाबांनी दाढी केली, आईचा फोटो पुसला. झगा पिशवीत घेतला. परत आल्यावर सगळं सविस्तर लिहिणार आहे.

५ डिसेंबर, गुरुवार

लिहायचं नव्हतं. पण सविस्तर लिहिणार असं मी लिहून ठेवलंय, ते डोळ्यांसमोर येतंय.

फळ्या काढलेल्या होत्या, पाण्याची वाफ येत होती. पाळक आधी उतरले. म्हणाले, पायाला मुंग्या येतायत, आणि हसले. पुढची माणसं पण हसली. रखवालदार माझ्याकडे बघत होता. मी त्याला हातानेच सांगितलं, असू दे.

बाबा दोन पायऱ्या उतरले. गुडघ्यापर्यंत पाणी. आमच्याकडे प्रश्न विचारतात तो हौदाच्या मध्ये उभं राहिल्यावर, पण बाबांना दम लागत होता म्हणून पाळकांनी तिथेच विचारलं, "तुमचा विश्वास आहे का?"

बाबा मागे वळले. मला शोधलं. म्हणाले, "माझ्या लेकीवर आहे. ती सांगते म्हणजे खरं असणार."

लोक हसले. पाळक म्हणाले, "तसं नाही, आजोबा, प्रभूवर."

"तेच ते," बाबा म्हणाले. "हिच्यामार्फत."

आणि पुढची पायरी उतरण्यासाठी त्यांनी ओल्या हाताने कठडा धरला.

ते ओरडले नाहीत. त्यांचा हात सुटेना एवढंच दिसलं. त्यांना धरायला गेलेले पाळक पाण्यात कोसळले. मी धावले तर कोणीतरी मला मागून कंबरेला धरून आडवं पाडलं. रखवालदार किल्ली घेऊन मागच्या खोलीकडे पळाला. मग सगळे दिवे गेले आणि अंधारात पाण्याचा आवाज आला.

पाळक वाचले. त्यांचा हात भाजलाय. निरोप मिळताच हे गोदामातून पळत आले ते तसेच हौदात गेले, बाबांना बाहेर काढलं आणि छाती दाबत राहिले. डॉक्टरांनी नको सांगितल्यावरही दाबत राहिले. शेवटी डॉक्टरांनी त्यांचे हात धरले.

९ डिसेंबर, सोमवार

बाबांना मंगळवारी भिंतीकडे ठेवलं.

पाळक हाताला पट्टी बांधून आले होते, आदल्या दिवशी. माझ्यापुढे रडले. म्हणाले, वडीलजनांशी रात्रभर भांडलो, पण नियम असा आहे की डोकं पाण्याखाली गेलं पाहिजे, आणि बाबा पायऱ्यांवरच पडले, डोकं वरच राहिलं. मी काय बोलणार? तो नियम मी स्वतः मुलांना शिकवलाय. पाण्याचा शिंतोडा पुरत नाही, गुडघा पुरत नाही, पूर्ण बुडायला हवं. मुलांकडून घोकून घेतलंय. त्या नियमाने पाहिलं तर माझे बाबा गुडघ्यापर्यंत तरले आणि वर बुडाले.

रखवालदार सगळ्यांसमोर ह्यांच्या पायाशी बसला होता. "बाईंनीच सांगितलं बंद करू नका म्हणून. मी विचारलं होतं, साहेब, मी विचारलं होतं." मी ह्यांच्या तोंडाकडे बघत होते. ह्यांनी त्याला उठवलं आणि म्हणाले, "तुला शिकवायला हवं होतं मी. किल्ली काढून घेतली तरी यायला हवं होतं."

तेव्हापासून मी वाट बघतेय. आज बोलतील, आता बोलतील. मी दिवस लपवला. मी खोटं बोलले. मी हीटर चालू ठेवायला सांगितलं. हे सकाळी उठतात, चहा करतात, माझ्यासमोर ठेवतात. निवला की परत गरम करून आणतात. बाबांची गादी उन्हात टाकली, त्यांची औषधं दुकानात परत दिली. एकदाही बोलले नाहीत. शिव्या दिल्या असत्या, एक थोबाडीत दिली असती, तर मी फेडल्यासारखं तरी झालं असतं. हे काही फेडून घेतच नाहीत. असं कोणी माफ केलं की कुठे तोंड लपवावं तेच कळत नाही.

आज संध्याकाळी मीच विषय काढला. म्हटलं, "अहो, पाण्याचं बोला."

ह्यांनी मान वर केली.

"तुमच्या गोदामात चालतं का ते? माणसाने देवावर ठेवायचा विश्वास लेकीवर ठेवला तर? आणि लेक अशी निघाली तर?"

ह्यांनी हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाले, "मला माहीत नाही. गोदामात शिकवतात ते मला तोंडपाठ आहे, पण आठ दिवस झाले, त्यातलं एक वाक्य माझ्या कामाला आलेलं नाही." डोळे पुसले. पहिल्यांदाच रडताना पाहिलं ह्यांना. "एवढंच वाटतं, त्या चोराला तरी काय कळलं होतं? शेजारी जो होता त्याच्याकडे वळला आणि त्याच्यावर सोडून दिलं. कोणी त्याची परीक्षा घेतली नाही. तुझ्या बाबांनीही मान वळवली होती ना?"

"माझ्याकडे वळवली होती."

"हिच्यामार्फत, म्हणाले ना?"

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. इतकी वर्षं मुलांना दिलंय, झोपेतसुद्धा येईल. तो आधीचा काळ होता. मी तोंड उघडलं आणि परत मिटलं.

"त्या चोराचं पुन्हा सांगा," मी म्हटलं. "पहिल्यापासून."

ह्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि सांगायला लागले.